मुलाणी मॅडमनी थांबवलेली मिरवणूक

पेशंट बरा झाला, की मुलाणी मॅडमच्या कपाळावर आठी पडायची. दौंडच्या दवाखान्यात मेंदूवरच्या शस्त्रक्रिया त्या करायच्या. शिक्षण पुण्याचं, बोली मात्र थेट शिरूरची. कुणी पेढे आणले, तर पेढा न खाता त्या आधी पेशंटचे डोळे तपासायला जायच्या.

आमच्या खुटबावच्या उसात रानडुकरं शिरली म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनी, बंदूक झाडली. एक छर्रा माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या, मुक्ताच्या, कानशिलातून मेंदूत गेला. मॅडमनी शस्त्रक्रिया केली. मेंदूतल्या शिरांचा फोटोही काढला, तो चांगला आला. काही दिवसांत मुक्ता भेळ मागू लागली. मग काय, आम्हाला आभाळ ठेंगणं! भावकीने फुलांनी सजवलेली जीप आणि हलगीवाले थेट दवाखान्याच्या फाटकाशी आणून उभे केले.

मॅडम बाहेर आल्या. "हलगी बंद करा. पोरगी आज जायची न्हाई. शिरांचा फोटो परत काढायचाय."

"आवो, पोरगी हसतीय की!" माझा चुलता म्हणाला.

"हसू द्या. छर्रा शिरेला घासून गेला असंल, तर शीर लगेच फुटत न्हाई. सायकलच्या ट्यूबवानी हळूहळू फुगा धरती. तो घरी फुटला, तर पोरगी दौंडपातुर बी पोचायची न्हाई."

भावकीची तोंडं वाकडी झाली. जीप मोकळीच परत गेली.

दुसऱ्या फोटोत ज्वारीच्या दाण्याएवढा फुगा दिसला. तेव्हा मुक्ता खाटेवर बसून बाहुलीची वेणी घालत होती. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही वळखलं कसं?"

"वळखलं न्हाई, बघितलं. बरं दिसलं म्हणून बघायचं सोडायचं नसतं."

फुगा बंद करायची सोय पुण्यालाच होती. मुक्ताला तिकडे नेताना मॅडम स्वतः अँब्युलन्समध्ये बसल्या. तिथल्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी पार मेंदूपर्यंत नेली आणि फुगा आतून बंद केला. माणसाच्या हाताला हे जमतं, या विचारानं आजही माझ्या अंगावर काटा येतो.

मुक्ता वाचली. आबा मात्र तिच्या जवळ फिरकत नव्हते. घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी नेमकं त्यांनाच बोलावलं. "डोकं दुखलं, उलटी झाली, पापणी खाली आली, तर तडक घेऊन यायचं. लक्ष तुम्ही ठेवायचं, आबा."

आबांना हुंदका आवरेना. "मी? मॅडम, माझ्याच हातनं झालंय हे."

"म्हणूनच. तुमच्याइतकं डोळ्यांत तेल घालून दुसरं कोण बघंल?"

आता शाळेत निघताना मुक्ता आबांपुढे उभी राहते. आबा तिच्या दोन्ही पापण्या नीट बघतात, मगच दप्तर तिच्या हातात देतात.