काकांचं 'गेट' आणि माझं फ्रेंच

माझे काका रेल्वेत टीसी होते. त्यांचं सगळं इंग्रजी एकाच क्रियापदावर चालायचं. गेट इन, गेट डाऊन, गेट तिकीट, आणि फारच झालं तर गेट आऊट. निवृत्तीनंतर ते कार्ल्याच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला लागले, तेव्हाही तेवढंच भांडवल पुरलं.

गेल्या उन्हाळ्यात तिथं एक फ्रेंच बाई उतरल्या. साठीच्या, एकट्या, इंग्रजीचा गंध नाही. मी तळेगावहून पुण्याला फ्रेंचच्या क्लासला जायचे, म्हणून काकांनी मला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं. घरात माझ्याबद्दल फार मोठे गैरसमज होते.

दुसऱ्याच दिवशी बाई भर दुपारी लेणी चढून आल्या आणि संध्याकाळी तापाने फणफणल्या. काकांनी स्कूटरची किल्ली उचलली.

"टेल हर," ते मला म्हणाले. गोऱ्या माणसासमोर ते सख्ख्या पुतणीशीही इंग्रजीच बोलायचे. "वी विल गेट डॉक्टर. शी विल गेट इंजेक्शन."

आता फ्रेंचमध्ये या 'गेट'ची खांडोळी होते. वस्तू मिळाली तर एक क्रियापद, गोष्ट कळली तर दुसरं, गाडीतून उतरलं तर तिसरं, जाऊन आणायचं तर चौथं. क्लासमध्ये हे मी घडाघडा म्हणायचे. त्या क्षणी मात्र एकच आठवलं: 'आत्रापे'. सर्दी होते तेव्हा ते चालतं. मूळ अर्थ, पकडणे.

बाई ताप विसरून उठून बसल्या. "डॉक्टरला पकडणार? का, पळालाय का तो?"

तेवढ्यात काकू ओल्या पट्ट्या घेऊन आल्या. "काय म्हणतायत गं?"

"डॉक्टर पळाला का, विचारतायत."

"अगं बाई! कधी?"

अर्ध्या तासाने काका परतले. मागच्या सीटवर डॉक्टर, डोक्याला गुलाबी फेटा. कामशेतच्या लग्नातून, भर पंगतीतून उचलून आणलेले. उजव्या हाताला अजून मठ्ठा होता.

"अहो काका, हात तरी धुऊ द्यायचा!" डॉक्टर उतरता उतरता म्हणाले.

बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फेट्याकडे, आणि खोकला येईपर्यंत हसल्या. माझी चूक झालीच नव्हती, असं मला क्षणभर वाटून गेलं.

डॉक्टरांनी हात धुतले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "ऊन लागलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या 'लागणे'पुढे ते 'गेट' म्हणजे अगदीच गरीब! शेवटी मी सांगितलं, सूर्य तुम्हाला चिकटलाय. बाईंनी गंभीरपणे मान डोलावली आणि इंजेक्शनसाठी दंड पुढे केला.

चार दिवसांत त्या खडखडीत बऱ्या झाल्या. मग पडवीत काका, काकू आणि बाई पाच-तीन-दोन खेळायला बसायचे. बाई सर्रास लबाडी करायच्या. काका मराठीत भांडायचे, त्या फ्रेंचमध्ये, आणि दोघांचं अक्षरही वाया जात नव्हतं. मला कोणी हाक मारेना. राग आला, आणि हायसंही वाटलं. शेवटी मीच जाऊन बसले, आणि आम्ही चौघांचा मेंढीकोट मांडला.