एवढा उशीर काऊन केला?

जगातलं झाडून सगळं माणूस उशिरा येतं, अशी आमच्या मिशनच्या बाईंची पक्की समजूत होती. अहेरीला मिशनचं एक जुनं धान्याचं गुदाम होतं. साहेब लोक मायदेशी गेल्यावर ते बाईंच्या गळ्यात पडलं आणि ज्यांना कुठेच घर नाही अशांची तिथे वर्दळ सुरू झाली. पाय मोडला म्हणून मुकादमानं टाकून दिलेला लाकूडतोड्या, नवऱ्यानं हाकललेली लेकुरवाळी, बाजारात हरवलेलं आणि कुणीच न शोधलेलं पोर, दारात कुणीही उभं राहो, बाई गाव विचारत नसत की जात विचारत नसत. सकाळपासून याचीच वाट पाहून जीव टांगणीला लागल्यासारख्या त्या हातातला भात वाढायचा सराटा रोखून म्हणत, "काऊन जी, एवढा उशीर काऊन केला? भात थंडा होऊन राह्यला." येणारा गांगरून जाई. एका बिचाऱ्यानं तर मोटार चुकली म्हणून खरोखरच माफी मागितली होती.

मीही त्याच तडाख्यात सापडलो. जंगल खात्यात कारकून म्हणून नवा आलो होतो. अंगभर धूळ, खांद्यावर वळकटी, अशा अवतारात डाकबंगला कुठे म्हणून विचारायला गेलो आणि उशिराबद्दल बोलणी खाऊन मुकाट्यानं हात धुवायला बसलो. लाखोरीचं वरण आणि अंबाडीची भाजी पोटभर जेवल्यावर बाईंनी चटई अंथरली, तेव्हा कुठे मला कंठ फुटला. मी सरकारी नोकर असल्याचं सांगितलं. बाई जराही वरमल्या नाहीत. "नोकरी हाये, समजलं," त्या म्हणाल्या, "पन घरी कोन हाये?" माझं कुणीच नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी गुदामात जेवायला लागलो.

बाई कुणाच्या घरी गेल्या की त्यांची नजर आधी अंथरुणाकडे जाई. एकदा रेंजरसाहेबांकडे चहाला गेल्या आणि साहेबांच्या अंगावर कोट असताना घोंगडीची चैन कशाला, असा हिशेब मांडून गुदामातल्यांसाठी घोंगडी काखोटीला मारून परतल्या. देवाशीही त्यांचं असंच चाले. जेवणाआधीची त्यांची प्रार्थना म्हणजे गाऱ्हाण्यांचा पाढा असे. मोडक्या पायाचा तो म्हातारा लाकूडतोड्या उंबऱ्यावर चिंचा फोडत बसलेला असायचा. तो कुरकुरे, "भात आमच्यानं नाई जी, तुमच्या प्रार्थनेनं थंडा होते." बाई एक डोळा उघडून त्याच्याकडे बघत आणि मुद्दाम आणखी दोन गाऱ्हाणी घालत. रोज एक ताट मात्र जास्तीचं वाढून झाकून ठेवलेलं असे, येणाऱ्यासाठी.

बाई मूळच्या चामोर्शीकडच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. विधवा झाल्या, मिशनच्या दवाखान्यात राहिल्या, पुढे ख्रिस्ती झाल्या, तेव्हा सख्ख्या भावानं बहीण मेली म्हणून अंघोळ केली. आणि इतक्या वर्षांनी, एका बाजाराच्या दिवशी तिकडचा एक माणूस निरोप घेऊन आला की भावानं बोलावलंय. बाई दोन दिवस कुणावर रागावल्या नाहीत. मग ट्रंक भरली, स्वयंपाक लेकुरवाळीवर सोपवला आणि कायमचंच जाते म्हणून मोटारीत बसल्या. मोटार गेल्यावर आम्ही सगळे उगाच अंगणात उभे राहिलो. मला तर पुन्हा पहिल्या दिवसाइतकंच परकं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या मोटारीनं बाई ट्रंकेसकट परत आल्या. भावानं चांगलं केलं होतं, भावजयीनं नवं लुगडं दिलं होतं. फक्त जेवताना भावानं मायेनंच विचारलं होतं, "किती दिवस हायेस?" बाईंनी सकाळीच जाते म्हणून सांगितलं. हे सगळं त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. त्या संध्याकाळी त्या उंबऱ्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या, आत पाऊल टाकावं की नाही अशा. म्हाताऱ्यानं चिंचेवरून मान वर केली नाही.

"काऊन बाई, एवढा उशीर काऊन केला?" तो म्हणाला. "भात थंडा झाला ना."

झाकलेलं ताट खरोखरच होतं. बाईंनी हात धुतले, ताटासमोर बसल्या आणि डोळे मिटले. आम्ही लांबलचक गाऱ्हाण्याच्या तयारीत होतो. "आली, बापा," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत जेवायला लागल्या.

पुढे माझी बदली झाली, मग आणखी बदल्या झाल्या. बाई वारल्याचं मला फार दिवसांनी कळलं. मी अहेरीला गेलो तेव्हा गुदामाला कुलूप होतं आणि आतली माणसं कुठे पांगली ते शेजाऱ्यांना सांगता येईना. मी वळकटी खाली ठेवून उंबऱ्यापाशी जरा वेळ उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखरच उशीर झाला होता, आणि तो काऊन केला हे विचारायला दारात कुणी नव्हतं.