ठाण्यात जमा झालेला कमठा

लाकडाच्या एका वस्तूची एवढी बडदास्त ठेवणारा माणूस वर्धा नदीपासून प्राणहितेपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोला आधी माझा नमस्कार सांगा. हा माणूस म्हणजे माझे मोठे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको सहा बहिणींत शेवटची आणि ही बहीण पहिली, त्यामुळे साडू-साडू म्हणून खांद्यावर हात टाकावा असं आमचं वयच नाही; मी पन्नाशीकडे, ते सत्तरीपलीकडे. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला बाबू म्हणतात, कारण मी गडचांदूरला एका कॉलेजात बाबू आहे, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं जे काय मत आहे ते त्या एका शब्दात बरोबर मावतं. पोंभुर्ण्याकडे जंगलाला लागून त्यांचं गाव. थोडं धान, थोडी तूर, घरात दोघंच नवराबायको आणि तिसरा कमठा. तिरकमठ्यातला कमठा, म्हणजे धनुष्य. धामणीच्या लाकडाचा, माणसाच्या उंचीचा, बांबूची पात सोलून केलेल्या दोरीचा. लग्नाच्या वर्षी भाऊंनी तो स्वतः तासला, पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, एका गोंड मित्राजवळ महिनाभर बसून. लाकूड सासऱ्यांच्या शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं. बाई, म्हणजे माझ्या मेहुणीबाई, अजून सांगतात, “मले पाह्याले आले होते, तं माह्या तोंडाकडे कमी अन् आमच्या धामणीकडेच जास्त पाहून राह्यले होते.” लग्न आणि कमठा एकाच वयाचे. दोन्ही टिकले, पण तेलपाणी एकालाच मिळालं, असं बाईंचं म्हणणं आहे.

या कमठ्यानं भाऊंनी उभ्या जन्मात एकही जीव मारलेला नाही. बाणाच्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधायचा आणि तुरीत वानरं उतरली की त्यांच्या शेजारच्या फांदीवर तो नेमका आदळवायचा, एवढंच त्याचं काम. वानराला न लावता वानराला घाबरवणं हे वानराला लावण्यापेक्षा अवघड आहे, असं ते सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे असे बघतात की जणू मी वानराच्या बाजूनं वाद घालतोय. पण खरी हौस मारण्यात नाही की पळवण्यात नाही, ती ठेवण्यात. कमठा भिंतीला टेकवून ठेवायचा नाही. “टेकवला तं त्याच्या पाठीत बाक येते, तुह्यासारखा.” दोन खुंट्यांवर आडवा ठेवायचा, तोही मधल्या खोलीत, चुलीपासून लांब आणि दारापासूनही लांब. आठ दिवसांनी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावायचं, ते तळहातानं. फडक्यानं लावलं तर फडकंच तेल पितं. आणि बाण न लावता ओढून सोडायचा तर मुळीच नाही. ओढला तर हळू परत आणायचा. हा शेवटचा नियम मला माहीत नव्हता. एका दिवाळीला मी आपला गंमत म्हणून ओढला आणि सोडला रिकामाच. टणकन् आवाज झाला. भाऊ अंगणातून आत आले, कमठ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नख फिरवून तडा पाहिला, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेला असताना बाईंना सांगायचे, “त्याले विचार, भाजी पाह्यजे काय.” तीन दिवस मी तृतीय पुरुषात जेवलो!

सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे काम झाल्यावर दोरी न उतरवणं. ताणात राहिलेलं लाकूड ताणच विसरतं, मग ते नुसतं वाकडं राहतं, त्याच्यात दम उरत नाही, हे त्यांचं शास्त्र. शास्त्र खरं असेल बापडं, पण भाऊंनी ते जगाला लावलं. कुठं काही ताणलेलं दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. भजनी मंडळाची ढोलकी त्यांच्या घरी एक रात्र राहिली, सकाळी तिच्या साऱ्या दोऱ्या ढिल्या. आरमोरीला एका लग्नात जेवणावळ संपत आली, तसं यांनी मांडवाचे दोर सैल करायला घेतले, “काम झालं, आता काऊन ताणून ठेवता?” म्हणत. काम झालं नव्हतं. वरपक्षाची शेवटची पंगत जिलबीपर्यंत पोचली होती, आणि मांडवाचं कापड त्यांच्या डोक्यावर टेकलं. नवरदेवाचे मावसे कापडाखालून ओरडत होते आणि आमचे भाऊ खांबाची पाहणी करत होते. माझं म्हणाल तर, जेवण झालं की ते माझ्या पट्ट्याकडे बोट करतात. “सोड बाबू, सोड. लाकूड असतं तं कवाच मोडलं असतं.”

तर अशा माणसाच्या गावातून निवडणुकीच्या दिवसांत एक ऑटो भोंगा लावून गेला. सर्व शस्त्रधारकांनी आपापली शस्त्रे ठाण्यात जमा करावीत. त्याच दिवशी मला फोन. “बाबू, ये. अर्ज लिवाचा आहे.” मला वाटलं निराधार योजनेचा वगैरे असेल. भर उन्हात दोन तास मोटारसायकल हाकत गेलो, तर भाऊ धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून तयार, आणि कमठा बाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. म्हटलं, भाऊ, ते बंदुकवाल्यांसाठी असतं, परवानावाल्यांसाठी. तर म्हणाले, “म्हणजे कमठा शस्त्र नाई?” असं विचारलं की जणू मी बाईंच्या माहेराबद्दल काही बोललो. मी बाईंकडे पाहिलं. एरवी त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या बाई त्या दिवशी चुलीकडे तोंड करून बसलेल्या. “जा ना घेऊन,” एवढंच म्हणाल्या. गेलो. मागं भाऊ, त्यांच्या मांडीवर आडवा कमठा, दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर. रस्त्यानं बैलगाड्या सोडा, काळीपिवळीसुद्धा आम्हाला वाट देत होती.

ठाण्यात एक हवालदार होता, नुकताच बदलून आलेला, मनगटं अशी की फाईलसुद्धा त्याच्या हातात लहान दिसावी. “काय आहे हे, बाबाजी?” “शस्त्र.” “परवाना?” “धामणीले परवाना नाई लागत जी.” हवालदार हसला. म्हणाला, घेऊन जा घरी, याला कोणी शस्त्र म्हणत नाही. झालं! भाऊ ताठ उभे राहिले. “मंग तसं लिहून द्या. उद्या याच्यानं काई झालं तं जबाबदारी तुमची.” लिहून द्यायची वेळ आली की सरकारी माणूस कसा सावध होतो हे मला बाबू म्हणून चांगलं ठाऊक आहे. हवालदार आत साहेबांकडे गेला. आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, आणि बाहेर पावती आली. तिच्यावर लिहिलं होतं: एक जुने लाकडी धनुष्य, दोरीसह. भाऊंनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि परत केली. “जुनं काऊन लिवलं? ते खोडा. चालू स्थितीत लिवा.” खोडलं. लिहिलं. मग त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि देखभालीचं सांगायला लागले. आडवा ठेवणे, उन्हात न ठेवणे, दोरी उतरवून ठेवणे, तेल असे, हात असा. मी लिहीत होतो आणि ठाण्यातले बाकीचे शिपाई भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. शेवटी म्हणाले, “अन् दर शनिवारी दोरी चढवून दहा बार ओढणे. कानापर्यंत. ओढला नाई तं लाकूड आखडते.” हवालदारानं विचारलं, “म्हणजे मी ओढू?” “मंग कोण, साहेब ओढन?”

परतीच्या वाटेवर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लाज आणली म्हटलं, चार लोकांत हसं केलंत म्हटलं. नेहमी माझ्या एका वाक्याला त्यांची तीन असतात, म्हणून वाट पाहिली. मी आरशात पाहिलं, तर स्वारी मागं निवांत बसलेली, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखी.

पुढं महिना-दीड महिना दर शनिवारी भाऊ तेलाची बाटली घेऊन एसटीनं ठाण्यात. बाकावर बसायचे, हवालदार मागच्या अंगणात कमठा ओढायचा, हे मोजायचे. “एक. दोन. तीन. नाई, हा नाई झाला. हनुवटीपर्यंतच आला. तीनच.” एका शनिवारी मी सोबत होतो, तेव्हा दहा मोजायला त्या भल्या माणसाला चौदा वेळा ओढावा लागला, घामानं वर्दी भिजली, आणि भाऊ म्हणतात कसे, “चहा कमी प्या जी तुमी.” पण हवालदारालाही नाद लागला. एका बुधवारी त्याचाच फोन आला, अगदी काळजीच्या आवाजात, की बाबाजी, दोरीचा एक पदर सुटल्यासारखा दिसतो, काय करू? भाऊंनी तो फोन गावभर सांगितला.

निवडणूक झाली, मोजणी झाली, आणि शस्त्रं घेऊन जा असा निरोप आला. आम्ही गेलो. कमठा तेलानं असा चमकत होता की मला माझ्या मोटारसायकलची लाज वाटली. हवालदार नियमाचा पक्का. त्यानं पावती काढली आणि म्हणाला, “बाबाजी, चालू स्थितीत घेतला, चालू स्थितीत देतो. तुम्हीच दोरी चढवा आणि एकदा ओढून पाहा. मग सही करा.” शिपाई जमले. साहेबही दारात आले. भाऊंनी कमठा घेतला, एक टोक पायाशी रोवलं, दुसऱ्यावर भार दिला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्यांनी पाय बदलला, पुन्हा जोर केला. हात पुन्हा तिथंच. कपाळावर शीर उभी राहिली. कोणी हसलं नाही. मी पुढं झालो, तर त्यांनी नुसत्या नजरेनं मला मागं सारलं. मग कमठा डोळ्यांजवळ नेऊन, लाकूड तपासल्यासारखं करत म्हणाले, “लाकूड चांगलं आहे,” आणि तो हवालदाराच्या हातात देऊन हळूच, “तूच चढव गा.” आजवर त्याला तुम्ही म्हणणारे भाऊ त्या क्षणी त्याला तू म्हणाले. त्यानं चढवली, ओढला, कानापर्यंत. भाऊंनी मान हलवली आणि सही केली.

घरी आल्यावर ते हातपाय धुवायला गेले, तेव्हा बाईंनी सांगितलं. “दोन वर्षं झाले, खांदा वर जात नाई त्याचा. डोक्याले तेल मले लावा लागते. कोणाले सांगू नको म्हणे. सकाळी खुंटीवरून कमठा काढे, मांडीवर घेऊन बसे, अन् दोरी न चढवता ठेवून देई. लाकूड मरून राह्यलं माह्या हातानं, म्हणे. जेवण तुटलं होतं त्याचं.” मग मला बाईंचं ते चुलीकडे वळलेलं तोंड आठवलं, आणि गाडीवरची माझी बडबडही. गावात कोणाला ओढायला सांगावं तर खांदा गेल्याचं सांगावं लागलं असतं. म्हणून या गृहस्थानं अख्खं पोलीस ठाणं कामाला लावलं, आणि मी म्हणत होतो, हसं केलंत.

निघताना ठाण्याच्या पायरीवर त्यांनी हवालदाराला जे विचारलं होतं त्याचा अर्थही मला तेव्हाच लागला. “ग्रामपंचायतीची निवडणूक कवा आहे जी?” तो म्हणाला होता, “तिला अजून वेळ आहे, बाबाजी. आणि तोवर माझी इथली बदलीही होईल.” भाऊ म्हणाले होते, “हो, तेई खरंच.”

आता शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी जातो. पहिल्या शनिवारी नुसती दोरी चढवतानाच माझी फेफे उडाली. भाऊ बाजेवर बसून सांगत होते, गुडघा इथी लाव, हात तिथी धर. कशीबशी चढली. ओढला, तर कमठा माझ्या छातीपर्यंतसुद्धा येईना. मी वाट पाहत होतो की आता म्हणतील, नाई झाला. भाऊ म्हणाले, “एक.” मी पुन्हा ओढला, आधीपेक्षा कमीच. “दोन.” असे त्यांनी दहा मोजले. हवालदाराचा हनुवटीपर्यंत आलेला न मोजणाऱ्या माणसानं! मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, माझा एकही झाला नाही, तुम्हाला दिसत नव्हतं का? ते तळहातावर तेल घेत होते. “दिसते ना, बाबू. पण नाई म्हटलं असतं तं पुढल्या शनिवारी येशीन काय तू?”

मला फार वाईट वाटलं. माझ्या पोटाला, माझ्या खुर्चीला, माझ्या पट्ट्याला हसणारे भाऊ मला हवे होते. मी येणार नाही म्हणून घाबरणारे भाऊ मला बघवेनात. येईन, म्हटलं, आणि जातो. घरी दारामागं एक रबराची दोरी बांधून रोज सकाळी ओढतो, बायको हसते. गेल्या शनिवारी कमठा हनुवटीपर्यंत आला. भाऊंनी “एक” म्हटलं, पण माझ्याकडे न बघता. कान अजून चार बोटं लांब आहे, आणि ती चार बोटं मला लवकर गाठायची आहेत, भाऊ मोजायला बसलेले आहेत तोवर.