फेअरिंगला पाडलेलं भोक

आमच्याकडची लाल स्पोर्ट्स बाइक आमच्या लग्नाच्याही आधीची. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं, पण ह्यांनी तिला जपलं. दर रविवारी अंगणात धुणं, पुसणं. टाकीवर कुणी पिशवी ठेवली तरी ह्यांना चालत नसे.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि वर्ध्याजवळच्या देवळीतलं आमचं घर अचानक मोठं वाटायला लागलं. एका संध्याकाळी मी म्हटलं, "मला ती गाडी शिकवा."

हे आरोग्य केंद्रातून नुकतेच आले होते. शर्टाची बटणं काढता काढता थांबले. "शिकवतो. पण आधी तिले काहीतरी लावू दे."

"म्हणजे मी पाडणारच, असं धरूनच चाललात?"

"सगळेच पाडतात. तुले हेल्मेट आणू, जाकीट आणू. मंग तिले काऊन नाई?"

मला थोडा रागच आला. काळजी माझी की गाडीची, ते काही कळेना.

साध्या गाड्यांना लावतात तो पाइपचा गार्ड ह्यांना नको होता. ह्यांना हवे होते स्लायडर, म्हणजे इंजिनाच्या बोल्टवर दोन्ही बाजूंनी बसणारे नायलॉनचे जाड गोळे. गाडी आडवी झाली की आधी तेच जमिनीला टेकतात. पण एवढ्या जुन्या गाडीचे स्लायडर वर्ध्यात नव्हते आणि नागपुरातही मिळाले नाहीत. शेवटी गावातल्याच एका लेथवाल्याकडे गेलो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनींचे पार्ट करणारा माणूस. त्याने ह्यांचा कागदावरचा आकडा पाहिला.

"भाऊ, लय लांब होते हे. इतकं बाहेर आलं तर बरं नाई दिसणार."

"दिसू द्या," हे म्हणाले.

मला नवल वाटलं. गाडीच्या दिसण्याबद्दल असं बोलणारा हा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

बोल्ट काढायलाच आमचा अख्खा शनिवार गेला. इंजिनाखाली जॅक लावला, गंजावर तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा सोडलं. बोल्ट निघाला तेव्हा हे इतके खूश झाले की तो तसाच काळ्या हातांनी मला दाखवायला स्वयंपाकघरात आले. खरी अडचण पुढे होती. बोल्टच्या समोर फेअरिंग, म्हणजे गाडीचं ते लाल प्लास्टिकचं कवच. त्याला भोक पाडल्याशिवाय स्लायडर बसणार नव्हता.

ह्यांनी चिकटपट्टी लावली, खूण केली, पुन्हा मोजलं. ड्रिल हातात घेतलं, खाली ठेवलं, चहा मागितला. चहा झाला, ड्रिल पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"तू कर," शेवटी म्हणाले. "माह्या हातानं नाई होत."

मी लॅबमध्ये काम करते. रक्त घेताना लहान लेकरांच्या शिरा शोधायची हाताला सवय आहे. मी ड्रिल टेकवलं आणि लाल भुगा पायावर पडायला लागला. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. उजवीकडचं भोक जरासं मागे गेलं. त्यांनी ते कानसीने सावकाश सारखं केलं.

शिकायला आम्ही कापसाचा हंगाम संपल्यामुळे रिकाम्या पडलेल्या मार्केट यार्डात जायचो. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग एका सकाळी वळण घेताना गाडी बंद पडली. मी डावा पाय टेकवला, तो बारीक खडीवरून सटकला आणि गाडीसकट मी आडवी झाले.

हे चपला टाकून धावत आले. "पाय हलव. आधी पाय हलव."

मी हलवला. पाय गाडीखालीच होता, पण दबलेला नव्हता. गाडी स्लायडरवर टेकून राहिली होती आणि खाली बुटापुरती जागा शिल्लक होती. मी पाय ओढून घेतला. ह्यांनी गाडी उचलली नाही. तिथेच खडीत माझ्या शेजारी बसले.

"तुह्या बुटाचं माप घेतलं होतं मी," ते म्हणाले. "म्हणून स्लायडर लांब केला."

"मग सांगितलं का नाही? मला वाटलं, गाडीसाठीच चाललंय सगळं."

"गाडीसाठीबी होतंच," ते म्हणाले, आणि मला हसू आलं.

आम्ही दोघांनी मिळून गाडी उभी केली. नायलॉन खरवडलं होतं आणि हँडलचं टोक घासलं होतं. ह्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि किल्ली माझ्याकडे दिली. "आत्ताच बस. उद्यावर ढकलशील तर भीती बसून राहील."

दिवाळीनंतर आम्ही पुलगावमार्गे आर्वीला निघालो, माझ्या बहिणीकडे. गाडी मी चालवत होते. मागे बसायची ह्यांना सवय नव्हती. पुलगावपर्यंत "गिअर टाक, हळू घे, एसटी येऊन राह्यली" हेच चाललं होतं. त्यानंतर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस लागला आणि ते गप्प झाले. मला वाटलं, रागावले. आरशात पाहिलं तर हेल्मेटची काच वर करून शेतं बघत होते.

बहिणीने दार उघडलं. माझ्या हातातली किल्ली पाहून तिने ह्यांना विचारलं, "भाऊजी, तब्येत ठीक हाय ना?"

"एकदम," हे म्हणाले. "आज पह्यल्यांदा हा रस्ता नीट पाह्यला."