मोर्शीच्या धरणावरचा पतंग

चौघं एकत्र आले आणि चौघांनाही त्या कामातलं काही कळत नसलं, की किस्से आपोआप साठत जातात. आम्हाला त्यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागली नाही.

मी मोर्शीला विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. त्या दुष्काळाच्या वर्षी विहिरी इतक्या आटल्या की पंप चालेनात, मोटारी जळेनात, आणि मी रिकामा. धरणात मात्र थोडंफार पाणी होतं. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या देशमुख सरांचा एक जुना विद्यार्थी गोव्याला काइटसर्फिंग शिकवायचा. म्हणजे भला मोठा कापडी पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून घसरत जायचं. जुनं सामान पाठवतो म्हणाला.

*

पतंग केवढा घ्यायचा हे माणसाच्या वजनावर ठरतं. आमच्यात धरणाकाठी राहणारा बंडूभाऊ सगळ्यात दांडगा. त्याची संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली होती, तो मात्र वाळला नव्हता. विद्यार्थ्यानं फोनवर वजन विचारलं.

"सत्तर," बंडूभाऊ म्हणाला.

आतून वहिनी बोलल्या, "नव्वद सांगा. सत्तरचे तुमी लग्नात होते."

*

नव्वद किलोचा पतंग आला. देशमुख सर बावन्न किलोचे. "मी नुसता धरून बघतो," म्हणाले आणि पट्टा बांधून काठावर उभे राहिले.

वारा आला. सर दहा-बारा पावलं पळाले. पुढची पाच-सहा पावलं जमिनीला लागलीच नाहीत. बाजूच्या नांगरलेल्या वावरात जाऊन बसले. आम्ही धापा टाकत पोचलो, तर सर चष्म्यावरची माती पुसत होते.

"वजनाचा नियम खरा आहे," ते म्हणाले.

*

चौथा रफीकभाई. अमरावतीला त्याचं ताडपत्री आणि मंडप शिवायचं दुकान. लाइफ जॅकेट विकत कशाला, मी शिवतो म्हणाला. मापं घेतली, थर्माकोल भरला, वर मंडपाची झालर लावायची तेवढी राहिली. कमरेएवढ्या पाण्यात सरांनी ते घालून अंग सोडून दिलं. सर तरंगले, पण पालथे. सगळा थर्माकोल पाठीत भरला होता.

ओढून उभं केलं तेव्हा सर खोकत खोकत म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे."

"तत्त्व तो बराबर है सर," रफीकभाई म्हणाला, "मुंडी नीचे है."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच नागपूरला गेला आणि चार चांगली जॅकेटं घेऊन आला.

*

पट्ट्याला पुढं एक लाल मूठ असते. ती झटका देऊन ओढली की पतंगाचा जोर जातो आणि माणूस वाचतो. सरांचा हुकूम होता, डोळे मिटून, झोपेतसुद्धा हात तिथं गेला पाहिजे. बंडूभाऊनं हे फार मनावर घेतलं.

एकदा आम्ही अमरावतीहून एसटीनं परत येत होतो. बंडूभाऊला उभ्यानंच डुलकी लागली. बस खड्ड्यात आदळली आणि त्यानं झोपेतच घंटीची दोरी ओढली. बस भर रस्त्यात थांबली.

"कोन उतरून राहिलं?" कंडक्टरनं विचारलं.

"कोनी नाई," बंडूभाऊ म्हणाला. "मी सुटून राहिलो."

*

एकट्यानं धरणावर जायचं नाही, हाही सरांचाच नियम. पण एका मंगळवारी बंडूभाऊला सराव करायची हुक्की आली. दोऱ्यांची गुंडाळी खांद्यावर टाकून तो निघाला. वहिनी अंगणात कणीक मळत होत्या.

"कुठी चालले?"

"कुठी नाई," तो म्हणाला. खरं सांगितलं तर जाऊ देणार नाही, ही त्याची भीती.

त्याच वर्षी शेजारच्या गावातले दोघं शेतकरी असेच दोर घेऊन घरातून निघाले होते, ते परत आले नव्हते. वहिनींनी त्याच्या खांद्यावरचा दोर पाहिला, तो धरणाकडं वळलेला पाहिला आणि कणकेचे हात तसेच घेऊन पळत सुटल्या. मागं शेजारचा हरिभाऊ, मागं अख्खी गल्ली. मी बंडूभाऊकडेच निघालो होतो. गर्दी पाहिली आणि काही न विचारता मीही पळालो.

बंडूभाऊ काठावर मांडी घालून बसला होता. डोक्यावर हेल्मेट, पायात दोऱ्यांचा गुंता, दातात एक गाठ. तीस-चाळीस माणसं धापा टाकत समोर उभी राहिलेली पाहून त्यानं गाठ तोंडातून काढली.

"आज वारा नाई," तो म्हणाला. "आयतवारी या."

कुणी हसलं नाही. वहिनी तिथंच मातीत बसल्या. मग त्याच्या हातातली गाठ घेतली, कणकेच्या बोटांनी सोडवली आणि म्हणाल्या, "सांगून निघत जा."

तेव्हापासून बंडूभाऊ निघताना दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतो, "वारा पाहाले चाललो, जेवाले येतो."

आणि शेजारच्या घरातून हरिभाऊ, डोक्यावर दळणाचा डबा घेऊन, तितक्याच मोठ्यानं सांगतो, "गिरनीवर चाललो, जेवाले येतो."