धरमतरची मीटरवाली

मीटरवाली भेटली की "कसा आहेस?" असं कधी विचारत नसे. ती विचारायची, "आज किती?" दवाखान्याच्या ओसरीत, एसटी स्टँडवर, भर बाजारात मासळीच्या पाट्यांमधून वाट काढताना, कुठेही. किती म्हणजे रक्तातली साखर किती. नव्वदच्या दशकातल्या त्या पेणमध्ये हा प्रश्न कळणारी आम्ही पोरं मोजून चार होतो आणि त्यातला सगळ्यांत खोटारडा मी.

पंधराव्या वर्षी मला मधुमेह निघाला. दिवसातून दोनदा इन्शुलिनचं इंजेक्शन. आमच्या रामवाडीत लोकांना हा आजोबांचा आजार ठाऊक होता, त्यामुळे मी तो दरोड्यातला माल असल्यासारखा लपवला. मित्रांना सांगून ठेवलं होतं की सकाळी मी दार लावून प्राणायाम करतो. कॉलेजात मला 'योगी' म्हणत आणि मी ते नाव मिरवतही असे.

दर रविवारी मुंबईहून एक डॉक्टर पेणला यायचे. त्यांच्या दवाखान्याच्या ओसरीत मीटरवाली पहिल्यांदा दिसली. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातली, माझ्याच वयाची, तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. आईवडील मिठागरात कामाला. स्वतःची ओळख ती अशी करून द्यायची, "घरात मीठ, रक्तात साखर. दुकान टाकाया हरकत नाय." तिचा मामा बोटीवर खलाशी होता आणि त्याने परदेशातून साखर मोजायचं यंत्र, म्हणजे मीटर, आणलं होतं. आम्ही बाकीचे परीक्षानळीत निळं औषध घालून, लघवीचे थेंब टाकून उकळायचो. रंग निळा राहिला तर उत्तम, विटकरी झाला तर पंचाईत. रंग वहीत लिहायचा. माझ्या वहीत महिनाभर निळा.

तिने वही चाळली. "रोज निळा? आभाळ पण रोज निळं नसतंय रे." आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या बोटाला सुई टोचली. यंत्राने तीनशे बारा दाखवले. मी घाईघाईने म्हटलं, "यंत्र बिघडलंय वाटतं." ती हसली नाही. "आकडा म्हंजे काय तुझा सासरा नाय, त्याच्यासमोर लाजाया. लिव्ह."

यंत्राच्या पट्ट्या मिळणं मुश्कील. मामा आला तरच यायच्या. मग ती काही पट्ट्या ब्लेडने उभ्या कापून दोन करायची आणि अर्ध्या पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवून अंदाज बांधायची. अख्खी पट्टी अडीअडचणीला. तिच्याभोवती ओसरीत आमचा अड्डा जमू लागला. कोणी पेरू खाल्ल्याचं कबूल करी, कोणी इंजेक्शन बुडवल्याचं. ती कोणाला रागावत नसे. "डाक्तर हुशार हायेत," म्हणायची, "पण साखर उतरली की पाय कसं लटलटतात, ते त्यांना कुठं ठाव?" ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात इन्शुलिन गार ठेवायला तिनेच शिकवलं. मी सगळं ऐकायचो आणि घरी जाऊन पुन्हा योगी व्हायचो.

मग रोह्याला कबड्डीचे सामने लागले. कॉलेजच्या संघात मी राखीव होतो, म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळायचो. सकाळी इंजेक्शन घेऊन निघालो. कप्तान म्हणाला, "मॅचआधी कोणी खायचं नाही." खाल्लं नाही तर काय होतं ते मला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे कारण सांगायला हवं. मी डबा उघडलाच नाही. नेमका एकाचा घोटा मुरगळला आणि मला आत धाडलं.

मी चढाईला गेलो. मध्यरेषा ओलांडली, तोंडाने कबड्डी कबड्डी चालू होतं, आणि तिथून मागे वळून मी आमच्याच कप्तानाला शिवलो. मैदान हसलं. मी आमच्याच दुसऱ्या गड्यालाही शिवलो. पंचांनी जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. "पिऊन आलाय काय हा?" मी खाली बसलो. डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

समोरचा संघ मीटरवालीच्या गावचा होता. गावाबरोबर टेम्पोतून ती सामना बघायला आली होती. बायकांच्या घोळक्यातून ती धावत आली, माझ्या तोंडात साखर कोंबली, "चघळ!" म्हणून ओरडली आणि मगच बोट टोचलं. चाळीस. लोक यंत्राभोवती गोळा झाले. एक म्हातारा यंत्राला रेडिओ समजून म्हणाला, "ह्यो रेडू हाय काय गो?"

"रेडू नाय, बाबा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "ह्याला डायबेटीस हाय. हा प्यायलेला नाय, उपाशी हाय."

तिने माझा जीव वाचवला आणि मी तिच्यावर रुसलो. दोन रविवार दवाखान्यात गेलो नाही. तिसऱ्या आठवड्यात ती तिच्या आईला घेऊन आमच्या दारात उभी.

"तू सगळ्यांसमोर का सांगितलंस?" मी विचारलं.

"मग काय कराया हवं होतं? बेवडा म्हणून मरू द्याया हवं होतं?"

पोरांनी माझं 'योगी' हे नाव केव्हाच टाकून दिलं होतं आणि कप्तान खिशात साखरेची पुडी ठेवू लागला होता. ज्या गोष्टीला मी दोन वर्षं भ्यालो, ती घडून गेली होती आणि कोणाचंही काही बिघडलं नव्हतं. एवढं कळायला मला स्वतःच्याच कप्तानाला बाद करावं लागलं.

बारावीनंतर ती लॅबचा कोर्स करायला पनवेलला निघाली. स्टँडवर मी सोडायला गेलो. ती म्हणाली, "ओसरी आता तुझी."

"माझी? मी तर सगळ्यांत खोटारडा."

"म्हणून तर. खोटारड्याला दुसऱ्याचं खोटं लगेच कळतं."

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. मी म्हटलं, "खिडकीजवळ बस." बस गेली. नंतर तिला दूर कुठे नोकरी लागली आणि आमच्या भेटी राहूनच गेल्या.

ती पनवेलला गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी रोह्याहून एक बाप आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. आजार नुकताच कळलेला. ती ओसरीतल्या बाकाखाली शिरून बसली होती. बाप वाकून सांगत होता, "नाय गो दुखत, मुंगी चावते तेवढंच." ती बाहेर येईना.

तपासणीसाठी माझं उपाशीपोटी रक्त देऊन झालं होतं, माझं इंजेक्शन राहिलं होतं. मी फरशीवर तिच्यासमोर बसलो, भरल्या ओसरीत शर्ट वर केला आणि सुई टोचली. या प्राणायामाला दार लावलं नव्हतं.

"दुखलं?" बाकाखालून आवाज आला.

"हो," मी म्हटलं. "दुखलं. आता जेवायचं."

तिने थोडा विचार केला. मग रांगत बाहेर आली आणि माझ्या डब्यात काय आहे ते बघू लागली.