दादाजींचा कान

दादाजी पत्रा वाजवायचे आणि शोभाताईंच्या शिलाई मशीनकडे बघायचे. बेसा रोडवरच्या त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये सहा वर्षं काम असंच चाललं होतं. गाडीचा पत्रा आतून उघडा करायचा, त्यावर आवाज दाबणारी, चंदेरी पन्नीची काळी चिकट शीट डकवायची, रोलरने दाबायची आणि मग मधल्या बोटाच्या पेराने ठोकून बघायचं. पत्रा अजून घणघणत असला तर दाराशी बसलेल्या शोभाताईंचं पाऊल थांबे आणि मशीनचं चाकही. पत्रा मुका झाला असला तर चाक फिरत राही. शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला वाटे, काय कान आहे या माणसाचा.

कान खरं तर त्यांच्या बायकोचा, शोभाताईंचा होता. दादाजींचा उजवा कान कळमेश्वरच्या एका कारखान्यातच राहिला. एकोणीस वर्षं ते पॉवर प्रेसवर होते. डावा कान अर्धामुर्धा उरला होता. समोरच्याचे ओठ दिसले तर बोलणं भागे. फोन नवरा-बायकोत एकच, तोही शोभाताईंच्या पिशवीत. गाड्यांमधला आवाज घालवणाऱ्या माणसालाच आवाज येत नाही, हे एकदा रस्त्याभर झालं तर कोण गाडी आणून लावणार? म्हणून दोघांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

मे महिन्यात अश्लेषा तिची छोटी मालवाहू व्हॅन घेऊन आली. पूर्वी त्या व्हॅनमधून पाण्याचे कॅन जात. अश्लेषा देवलापारच्या बाजूला गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायांची गाणी रेकॉर्ड करत फिरत असे. गाडीतच झोपायचं, गाडीतच एखादीला समोर बसवून गाणं घ्यायचं, असा तिचा बेत. म्हणून आत ऊन नको आणि बाहेरचा आवाज तर मुळीच नको. एक नव्वदीची आजी होती, तिचा दम दिवसेंदिवस कमी होत चालला होता. शुक्रवारी पहाटे निघायचंच होतं.

नेमकं त्याच आठवड्यात शोभाताईंच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, भिवापूरला. त्या सोमवारी गेल्या. जाताना मशीनवर खोळ घातली आणि म्हणाल्या, "छताचं काम मी आल्यावर करजा."

शोभाताई शुक्रवारी येणार होत्या. दादाजींनी छत एकट्यानेच केलं.

शीट डकवली. तिच्यावर, एसीच्या पाइपाला गुंडाळतात तसला काळा जाड फोम बसवला. छताखालच्या पोकळ लोखंडी पट्ट्यांना रिव्हेट, म्हणजे ओढून बसवायचे खिळे, मारून प्लायवूड चढवलं. रिव्हेट ओढला की त्याची शेपटी तुटते आणि तिच्या टोकाचा मणी कधीकधी पट्टीच्या पोटात पडून राहतो. म्हणून प्रत्येक रिव्हेटनंतर, आत मणी वाजतो का ते बघायला, पट्टी ठोकायची त्यांची पद्धत होती. सवयीने त्यांनी ठोकली, सवयीने मशीनकडे पाहिलं. खोळ घातलेलं मशीन गप्प होतं. ते पुढच्या रिव्हेटकडे वळले. शेवटी वरून रेक्झिन ताणलं. त्याची शिवण शोभाताईंनी जायच्या आधीच घालून ठेवली होती.

गुरुवारी अकरा वाजता अश्लेषा आली. उन्हामुळे डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत बांधलेला. ती काही बोलली. दादाजी नुसते हसले आणि ओढणी सुटायची वाट पाहत राहिले. मग ती आत शिरली, दार लावून घेतलं. बराच वेळ गेला. बाहेर आली तेव्हा खुशीत दिसत होती, पण म्हणाली, "काका, कुशीवर वळलं की वर कुठंतरी टिक होतं. बारीक आहे. पण माझ्या माइकला ते चालणार नाही."

"हो, येऊन राहिला तसा आवाज," दादाजी म्हणाले. "पाहतो."

ते आत गेले. गाडी हलवली, कान लावला. शेडच्या टिनातून येणारी धग आणि स्वतःचा श्वास, याशिवाय काही नाही. छत उसवायला नको म्हणून आधी मागच्या दाराची पट्टी त्यांनी खोलली, स्क्रू आवळले. तिने बसून पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग खिडकीची चौकट खोलली. पुन्हा तेच. एक वाजून गेला. सदरा पाठीला चिकटला होता. पाना ठेवायला ते वळले, तर अश्लेषा मागेच उभी. तिचे ओठ हलत होते, आणि ते किती वेळापासून हलत होते, कोण जाणे. तिने बोलणं थांबवलं आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

दादाजींनी पाना खाली ठेवला.

"मॅडम, मले नाही येत ऐकू. उजव्यानं काहीच नाही."

"मग इतकी वर्षं?"

"घरची ऐकते. ते भिवापूरले गेली."

तिचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "हे पहिल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, काका."

"सांगतलं असतं, तर गाडी देली असती?"

अश्लेषा वळली. ती शेडच्या दाराशी गेली. दादाजींना वाटलं, आता किल्ली मागेल आणि ही गोष्ट रस्त्याने पुढे जाईल. ती शोभाताईंच्या स्टुलावर बसली, बाटलीतलं पाणी प्यायली. मग परत येऊन, त्यांना ओठ नीट दिसतील अशी समोर उभी राहिली.

"मी ऐकते. तुम्हाला कसं कळवू?"

दादाजी गाडीत मागच्या उघड्या दाराकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही तळवे छतावर टेकवले. ती मागून गाडी हलवू लागली. टिक झालं की ती हात वर करी. पहिल्या पट्टीपाशी हातांना काही कळलं नाही. दुसऱ्या पट्टीपाशीही नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, पण हात काढायची सोय नव्हती. तिसऱ्या पट्टीखाली, दारात तिचा हात वर जात असतानाच, डाव्या तळव्याला काहीतरी चाटून गेलं, मुंगी चालावी तेवढंच. त्यांनी पुन्हा हलवायला सांगितलं. पुन्हा मुंगी.

शोभाताईंची शिवण त्यांनी ब्लेडने उसवली. प्लायवूड उतरलं, पट्टीच्या टोकाला भोक पाडलं, जॅक लावून गाडी एका बाजूला तिरपी केली. गव्हाच्या दाण्याएवढे दोन मणी त्यांच्या हातावर पडले.

छत परत चढवून शिवायला संध्याकाळ झाली. दादाजींचे टाके वाकडे आले, ते त्यांनी स्वतःच दाखवले. अश्लेषा दहा मिनिटं दार लावून आत पडून राहिली. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "आता नाही." जाताना तिने मशीनवरची खोळ, जी बसताना सरकली होती, नीट केली.

शुक्रवारी शोभाताई आल्या. दादाजींनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीनवरची खोळ काढली. मग म्हणाल्या, "म्या सांगतलं होतं ना, छत ठेवजा म्हून."

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ गाडी दाखवायला आले. मापाची टेप काढायच्या आधीच दादाजी त्यांना म्हणाले, "एक सांगतो साहेब. मले ऐकू येत नाही. ऐकाचं काम आमची घरची करते."

मशीनचं चाक थांबलं. गृहस्थ एकदा दादाजींकडे, एकदा दाराकडे पाहत राहिले. दादाजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते चाकाकडे बघत होते.

थोड्या वेळाने चाक पुन्हा फिरू लागलं.